कनार्सीत राहिलेल्यांनो, इथे लिहा (ब्रुकलिनचा खाडीकाठ)

मुग्धा_के:
काल आमच्या जुन्या घरमालकीणबाईंचा फोन आला. घर विकून फ्लोरिडात लेकीकडे जायचं म्हणतायत. फोन ठेवल्यावर काही सुचेना, म्हणून हा धागा.

कनार्सी म्हणजे ब्रुकलिनचं पार आग्नेय टोक. एल या सबवे गाडीचं शेवटचं स्टेशन रॉकअवे पार्कवे, तिथून बी-४२ बस थेट जमैका बे या खाडीच्या धक्क्यापर्यंत. विटांची जोडघरं, पुढे हातभर हिरवळ. मालक खाली, भाडेकरू वर, आणि आमच्या भाड्यातून त्यांच्या कर्जाचा हप्ता. बाई मूळच्या बार्बाडोसच्या, नोकरी नर्सची, बहुतेक रात्रपाळीच. सकाळी कामावरून आल्या की गणवेशातच आधी पायऱ्या झाडायच्या, मग झोपायच्या. माझ्या बाळंतपणात आई व्हिसामुळे येऊ शकली नाही, तेव्हा लेकीला पहिली आंघोळ त्यांनीच घातली. नाताळात लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं-लवंग घातलेलं सरबत आणि काळा केक वर यायचाच. केकचे मनुके, प्रून्स कित्येक महिने रममध्ये मुरत ठेवलेले असायचे.

न्यूयॉर्क म्हटलं की लोक मॅनहॅटनच्या गप्पा मारतात. मला माणसं मिळाली ती इथे. तुमच्याही आठवणी लिहा.

शिवाजीपार्ककर:
कनार्सी पार्क!! रविवारचं क्रिकेट!! गयाना, जमैका, बार्बाडोस सगळे एका मैदानात, आणि कडेला डॉमिनोजचा डाव, फरशी आपटल्यासारखा सोंगट्यांचा आवाज. एका त्रिनिदादच्या आजोबांनी विचारलं, कुठला? मुंबई म्हटल्यावर उठून हातच धरला, "गावस्कर!" १९७१ ला पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी त्यांनी शाळा बुडवून पाहिलेली. १२४ आणि २२०, पाठ. त्या दिवसापासून मला चहा-पाण्याचे पैसे देऊ दिले नाहीत.

मडगांवचो:
त्या मालिकेतल्या गावस्करच्या ७७४ धावांबरोबर दिलीप सरदेसाईंच्या ६४२ पण लिहा की. आमच्या मडगावचे.

शिवाजीपार्ककर:
लिहिल्या असं समज. वाडेकर कॅप्टन, तेही आमच्याच पार्कातले :)

आभा_न्यूजर्सी:
क्रिकेटचा वेगळा धागा काढा रे.

मुग्धा, सँडी वादळाचं कसं नाही लिहिलंस? २९ ऑक्टोबर २०१२. सक्तीने घर सोडायचा हुकूम आमच्या भागाला नव्हताच, त्यामुळे सगळे घरीच. रात्री फ्रेश क्रीकच्या बाजूने पाणी आलं आणि तळघर बघता बघता भरलं. बॉयलर, विजेचा बोर्ड, मालकांच्या आईचे हैतीहून आणलेले फोटो, सगळं गेलं. वीज नाही, थंडी पडलेली. गल्लीतल्या लोकांनी फ्रीजरमधलं असेल नसेल ते मांस फुटपाथवर शेगड्या लावून भाजलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढलं. आम्ही शाकाहारी म्हणून आम्हाला वेगळ्या पातेल्यात राजमा-भात. इतक्या धांदलीत पातेलं वेगळं ठेवायचं सुचलं त्यांना.

खूप घरांना पुराचा विमा नव्हता. आयुष्याची कमाई त्या विटांत घातलेली माणसं होती ती. टीव्हीवर मात्र रॉकअवे आणि स्टेटन आयलंडच दिसत राहिलं, याचा मला अजून राग आहे.

सुलभाताई:
वाचून डोळे भरले गं. नातीला शाळेतून आणायला निघालेय, आल्यावर लिहिते.

हिशेबनीस:
घरं घेतली कशी ते सांगतो. आमच्या मालकांनी डाऊन पेमेंट 'सूसू'तून उभं केलं. दहा-बारा जण दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकणार, दर खेपेला एकाने सगळी उचलायची. आपली भिशीच. कागद नाही, सही नाही, पण पैसे बुडवले तर चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय नाही. जमैकावाले त्यालाच पार्टनर म्हणतात, गयानावाले बॉक्स हँड, हैतीचे सोल. बँका दारात उभं करत नव्हत्या तेव्हा ह्या बायकांनी बायकांना घरं घेऊन दिली.

जुना_भाडेकरू:
हिशेबनीस +१. आणि घरं कुठे घेतली तेही बघा. १९७२ मध्ये शेजारच्या ब्राउन्सव्हिलची काळी मुलं इथल्या शाळेत नकोत म्हणून गोऱ्या पालकांनी शाळांवर बहिष्कार टाकला होता. त्याच गल्ल्यांत पुढे ह्या वेस्ट इंडियन लोकांनी घरं घेतली, गुलाब लावले, मुलं शिकवली. आता खाडीकाठच्या जुन्या कचरा डेपोंवर माती टाकून केलेल्या बागेला शर्ली चिझम यांचं नाव आहे (२०१९ पासून). वडील गयानाचे, आई बार्बाडोसची. १९६८ ला निवडून आलेली अमेरिकन काँग्रेसमधली पहिली काळी स्त्री. वर चढलं की जमैका बे अख्खा दिसतो, जरूर जा.

आभा_न्यूजर्सी:
आम्ही गेलो होतो, वारा फार. टोपी न्या.

पोटोबा:
धालपुरीबद्दल कोणीच नाही?? वाटाण्याच्या डाळीचं जिरं घातलेलं सारण, लुसलुशीत, तिखटमिठाची पुरणपोळीच म्हणा. आत बटाटा-चण्याची रस्सेदार भाजी गुंडाळून देतात. वर पेपर सॉस मागताना जपून, तो हबानेरोच्या जातीच्या मिरचीचा असतो, दोन थेंब पुरे.

मालवणी_मुलगी:
धक्क्यावर लोक गळ टाकून बसलेले असतात ना? काय मिळतं?

शिवाजीपार्ककर:
पॉर्गी, ब्लूफिश. आणि निळे खेकडे. कोंबडीची तंगडी दोरीला बांधून सोडायची, खेकडा धरला की हळूच वर.

सुलभाताई:
आले. आमचे हे तिथून खेकडे आणायचे, मी वाटण लावून करायची. खालच्या जमैकन वहिनी वासावर ताटली घेऊन वर यायच्या. त्यांच्याकडचा नारळाच्या दुधातला भात आणि माझं कालवण, असा आमचा शनिवार ठरलेला.

मालवणी_मुलगी:
तिरफळं घातलीत का?

सुलभाताई:
खेकड्यात तिरफळं? ती बांगड्याला.

मडगांवचो:
ताईंचं बरोबर आहे.

मालवणी_मुलगी:
आमची आजी घालायची. कृती उद्या टाकते, करून बघा आणि मग बोला.