स्टॅक : तयार जोडी घ्यावी की घरच्या सिंबलांतून जमवावी?

घोस्टनोट
ड्रमकिटवर स्टॅक हवा, म्हणजे दोन सिंबल एकमेकांवर चढवून निघणारा कोरडा, तुटक 'चॅक' हवा, तर कंपनीची तयार जोडी घेणं मला उधळपट्टी वाटते. ड्रमर माइक पोर्टनॉयच्या नावाशी जोडलेला सेबियनचा मॅक्स स्टॅक्स घ्या की माइनलची एखादी जोडी, हातात येतात ते दोन सिंबलच. वर गंमत अशी की, चांगल्या सिंबलचे पैसे आपण मोजतो त्याच्या लांबणाऱ्या नादासाठी, आणि स्टॅकमध्ये नेमका तोच नाद दाबून टाकतो. मग ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथिलाचा बी-२० धातू हवाच कशाला? खाली १२ इंची साधा चायना (कडा उलटी वळलेला सिंबल), वर १० इंची स्प्लॅश (छोटा, पातळ सिंबल), काम झालं. कडेला तडा गेलेला क्रॅश (जोरदार ठोक्याचा मोठा सिंबल) पडून असेल तर आधी तो लावून बघा.

विंगनट
'दोन सिंबलच' म्हणून कसं चालेल? ते एकमेकांना कुठे टेकतात यावर सगळा खेळ आहे. वरच्याचा बाक खालच्यापेक्षा जास्त असेल तर कडा कडेवर बसते आणि आवाज बंद हाय-हॅटच्या (पायानं उघडझाप होणाऱ्या सिंबलांच्या जोडीच्या) जवळ जातो. खालच्याचा बाक जास्त असेल तर दोघं बेलपाशीच, म्हणजे मधल्या घुमटापाशीच अडतात, कडा मोकळ्या राहतात आणि 'चॅक'ऐवजी पत्र्याचा खडखडाट ऐकू येतो. वरच्याची बेल लहान आणि खालच्याची मोठी असेल तर वरचा नीट बसतच नाही, डुगडुगतो. तयार जोडीत हे बाक आणि बेली जुळवून दिलेल्या असतात. पैसे त्या जुळणीचे आहेत.

घोस्टनोट
मान्य, पण जुळणी घरीही तपासता येते. दोन्ही सिंबल स्टँडवर चढवा, वरचा विंगनट (पंखांचा नट) फक्त टेकेल इतपत फिरवा आणि वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दोन्हींच्या मधे सरकवत कडेनं पूर्ण फेरी मारा. सगळीकडे सारखी अडकली तर जोडी जमली. सगळीकडे सैल सरकली तर बाक जुळत नाहीत. एकाच बाजूला सैल असेल तर वरचा सिंबल थोडा फिरवून परत बघा. फट सिंबलबरोबर फिरली तर तो सिंबल वाकलेला आहे. जागेवरच राहिली तर स्टँडचा टिल्टर (सिंबल कलता करणारा सांधा) किंवा खालचा फेल्ट (नमद्याची चकती) तपासा.

पॅराडिडल
धातूबद्दल थोडं. बी-२० लागत नाही हे बरोबर, पण म्हणून पितळ चालेल असं नाही. पितळी सिंबल मुळातच बोथट वाजतात. दोन बोथट एकमेकांवर दाबले की डब्याचं झाकण वाजवल्यासारखं होतं. बी-८ (९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील) इथे झकास चालतो, कारण त्याचा वरचा स्वर टोकदार असतो आणि दाबल्यावरही उरतो. बी-८ म्हणजे हलका माल असं समजणाऱ्यांसाठी : पाइस्टेची २००२ मालिका बी-८चीच आहे. माझ्या मते धातूपेक्षा जाडी जास्त महत्त्वाची. निदान वरचा तरी पातळ हवा.

दांडपट्टा
खाली झांज लावली तर? कासं तर तेच, शिवाय स्वस्त.

विंगनट
नको. झांज जाड आणि ओतीव असते, टाळीसारखी आपटून वाजवण्यासाठी केलेली. स्टॅकला लवणारा पत्रा लागतो. शिवाय झांजेचं भोक दोरीपुरतं, स्टँडचा रॉड बहुधा ८ मिलिमीटरचा. भोक मोठं करायला गेलात तर ओतीव कासं ठिसूळ असल्यानं तडकू शकतं.

आता तडा गेलेल्या क्रॅशबद्दल. 'लावून बघा' म्हणणं सोपं आहे. तडा तसाच ठेवून वाजवलात तर तो वाढतच जातो. तो जिथे संपतो तिथे नखानं चाचपा, त्याच्या किंचित पुढे खूण करा आणि ३ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिल हळू चालवा, तेलाचा थेंब टाका, खाली लाकडाचा ठोकळा धरा, डोळ्यांवर चष्मा हवाच. मग भोकाचा कंगोरा गोल कानशीनं घासून काढा. भोक तड्याच्या अलीकडे पडलं तर मेहनत वाया. आणि असा सिंबल खाली ठेवा, वर नको. काठीचा घाव थेट त्यावर पडायला नको.

फेडर
साउंड मिक्सरच्या बाजूनं बोलतो. विकत की घरगुती हा वाद तुम्ही घालता, पण स्टेजवर स्टॅक हरवतो तो मांडणीमुळे. दोन्ही सिंबल बेल वर करून एकात एक बसवले की आवाज आखूड आणि हळू होतो. छोट्या हॉलमध्ये सुंदर, पण दोन गिटार सुरू झाले की गायब. तिथे खालचा चायना उलटा, बेल खाली करून लावा आणि वर तेवढ्याच मापाचा क्रॅश सरळ ठेवा. कडेला कडा भिडते, मधे पोकळी राहते, आवाज थोडा लांबतो आणि मोठा येतो. ओव्हरहेड माइकमध्येही (ड्रमच्या वर लावलेल्या) वेगळा ऐकू येतो. हाय-हॅटला चिकटून स्टॅक लावू नका, दोघांचे आवाज एकाच माइकमध्ये घुसतात.

पॅराडिडल
शेवटचा मुद्दा पटला नाही. डाव्या हाताच्या घोस्ट नोटांसाठी (अगदी हळू वाजवलेल्या ठोक्यांसाठी) १० इंची स्टॅक हाय-हॅटजवळच लागतो. नाहीतर हात पोचणार कसा?

फेडर
मग हाय-हॅटचा माइक बाहेरच्या कडेकडे वळवा, स्टॅककडे त्याची पाठ येईल. तेवढं करा, मग खुशाल लावा.

घोस्टनोट
आणि विंगनट पिळून पिळून घट्ट करू नका, म्हणजे स्टँडवरचा, सभासद नव्हे. आवाज आणखी कोरडा करण्याच्या नादात भोकापाशीच तडे सुरू होतात. रॉडवर प्लास्टिकची स्लीव्ह (नळी) दोन्ही सिंबलांना पुरेल इतकी लांब हवी. एका सिंबलची स्लीव्ह वापरली की वरचा थेट लोखंडावर घासतो. नट वाजवताना सुटत असेल तर वर दुसरा नट चढवून दोन्ही एकमेकांवर आवळा.

विंगनट
सभासदाला पिळायला हरकत नाही. पण जोडी मात्र तयारच घ्या.