सॉव्हिन्यों ब्लाँला ढोबळी मिरचीचा वास??

कोथिंबीरवडी: मंडळी, काल पहिल्यांदाच सॉव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन आणली, न्यूझीलंडची, मार्लबरोची, आणि ग्लास नाकाशी नेला तर चक्क हिरव्या ढोबळी मिरचीचा वास! बाटली खराब निघाली की काय?

पेरूवाला: खराब नाही हो, तो वास द्राक्षातलाच, पायराझिन म्हणतात त्याला, थंड हवेत जास्त टिकतो, ऊन लागलं की उतरतो. फ्रान्सची पांढरी सान्सेर वाइन पण ह्याच द्राक्षाची, पण तिच्या वासाचा एवढा आरडाओरडा नसतो. आणि गंमत म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष कॅबर्ने सॉव्हिन्यों हे हिचंच पोर, १९९७ ला डीएनए तपासून कळलं.

नाशिककर: आमच्या नाशिकलाही बनते की ही वाइन! फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ठेवा, सोबत लिंबू पिळलेले तळलेले बोंबील.

कोथिंबीरवडी: बोंबील कुठले, कांदाभजी होती. बाटली संपली कधीच 😅