शब्दचर्चा: ‘बायोमार्कर’ला लक्षण म्हणावं का?

अनुवादिका: रक्ततपासणीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. ‘बायोमार्कर’ला, म्हणजे रक्तात मोजून शरीरातल्या बिघाडाचा अंदाज देणाऱ्या रेणूला, ‘लक्षण’ चालेल का? आणि ‘नॅनो सेन्सर’ला ‘अब्जांश संवेदक’ म्हणून केलेलं ‘अब्जांश संवेदक रक्तातून रोग ओळखतो’ हे वाक्य कसं वाटतं? वाचणारे रुग्णांचे नातेवाईक असतील.

पॅथलॅब: ‘लक्षण’ नको. ताप, दम लागणं, छातीत कळ येणं ही लक्षणं. ती रुग्णाला जाणवतात. रक्तात ट्रोपोनिन वाढलंय हे कुणालाच जाणवत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्याच्या पेशींतलं हे प्रथिन रक्तात उतरतं, आणि मोजल्याशिवाय ते कळत नाही. ‘जैवचिन्हक’ आणि ‘जैवसूचक’ हे दोन्ही शब्द वापरात आहेत. मी ‘जैवसूचक’ घेईन. चिन्ह म्हटलं की ‘आहे किंवा नाही’ एवढंच मनात येतं, आणि इथे तर सगळं प्रमाणावर असतं. निरोगी माणसाच्या रक्तातही थोडं ट्रोपोनिन असतं, लिटरमागे काही नॅनोग्रॅम. म्हणून थोड्या वेळाने दुसरा नमुना घेऊन ते चढतंय का, हे बघतात.

‘रोग ओळखतो’ला मात्र माझी ठाम हरकत आहे. ट्रोपोनिन मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही वाढलेलं असू शकतं. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी तपासतात ते पीएसए, वयोमानाने नुसती ग्रंथी वाढली तरी चढतं. सेन्सर रेणू टिपतो, निदान डॉक्टर करतात. नातेवाईक आधीच रिपोर्टवरच्या आकड्याने हादरलेले असतात, त्यांना असं वाक्य देऊ नका.

नॅनोप्रेमी: ‘टिपतो’ अगदी नेमका शब्द. अशा एका सेन्सरमध्ये सिलिकॉनच्या नॅनोतारेवर, म्हणजे अतिशय बारीक तारेवर, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बसवलेली असतात. हवं ते प्रथिन त्यांना चिकटलं की त्याच्यावरच्या विद्युतभारामुळे तारेतला प्रवाह बदलतो. हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००१ मध्ये अशी तार दाखवली आणि २००५ मध्ये कर्करोगाचे अनेक सूचक एकाच वेळी टिपून दाखवले. पण तेव्हा सीरममधले (रक्त गोठल्यावर वेगळा होणाऱ्या द्रवातले) क्षार आधी काढून टाकावे लागले होते. रक्तातले क्षार विद्युतभार झाकून टाकतात. त्या भाराचा प्रभाव एका नॅनोमीटरच्या आतच विरतो, आणि प्रतिपिंड स्वतःच दहाएक नॅनोमीटरचं, म्हणजे त्याला चिकटलेल्या प्रथिनाचा भार तारेपर्यंत पोचतच नाही! तेव्हा ‘थेट रक्तातून’ हे शब्दही जपून वापरा.

अनुवादिका: आणि ‘अब्जांश’?

पॅथलॅब: नॅनो म्हणजे अब्जावा भाग, तेव्हा अर्थाने अचूक आहे, पाठ्यपुस्तकात शोभतो. पत्रकात ‘नॅनो सेन्सर’च ठेवा, लोक तेच बोलतात. ‘सूक्ष्म’ तेवढं करू नका, तो मायक्रोसाठी रुळलाय. उदाहरण हवं असेल तर आशाताईंकडचं मलेरियाचं रॅपिड किट घ्या. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब टाकला की पट्टीवर जी लालसर रेघ उमटते, ती सहसा सोन्याच्या नॅनोकणांची असते. फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियासाठी त्यात एचआरपी-२ हे परजीवीचं प्रथिन टिपतात. औषधाने मलेरिया बरा झाला तरी हे प्रथिन काही आठवडे रक्तात राहू शकतं, म्हणजे रेघ येते आणि रोग मात्र गेलेला असतो.

अनुवादिका: मग असं करते: ‘नॅनो सेन्सर रक्तातल्या जैवसूचकांचं प्रमाण टिपतो, त्यावरून आणि रुग्णाला तपासून डॉक्टर निदान करतात.’

नॅनोप्रेमी: ‘प्रमाण मोजतो’ करा. टिपायचा तो रेणू.