कार्ड 'फ्री' होतं, मग हे पैसे कसले?

बी-२ वहिनी: सगळ्यांना नमस्कार. सकाळी सकाळी त्रास देते. गेल्या गणपतीत गेटपाशी टेबल मांडून बँकेचं जे क्रेडिट कार्ड दिलं, त्यावर फ्रीज घेतला होता. ३० हजार, 'नो कॉस्ट इएमआय', ५ हजारांचे ६ हप्ते, एक रुपया जास्त नाही म्हणाले. काल सगळी स्टेटमेंटं जोडून बघितली, ४६४ जास्तीचे गेलेत. वर आता वर्षाची फी ५९०. फ्री म्हणून दिलेलं न्हवं?

ए-१ अण्णा: कार्ड कात्रीनं कापून टाका. विषय संपला.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया ध्यानात असू द्या. रात्री मोटर कुणी चालू ठेवली? टाकी भरून वाहिली. रक्कसकोप धरणाचं पाणी चार दिवसांनी येतंय आणि आपण गटारात सोडालोय.

बी-२ वहिनी: टेबल मांडायला परवानगी सोसायटीनंच दिली होती, साहेब. मग हे सोसायटीचं काम कसं नाही?

सी-३ काकू: टेबलावर माझा भाचा होता, त्याच्यावर बोलालाय का? सरळ नाव घ्या की. पोराला कार्डं खपवायचं टार्गेट असतंय. कुणाच्या हातात जबरदस्तीनं पेन दिलं नव्हतं.

बी-२ वहिनी: काकू, तुमच्या तोंडाकडं बघूनच सही केली मी.

डी-४ धाकटा: मोटर मी नाही हां 🙏

ए-४ मास्तर: वहिनी, हिशोब बघा. हप्त्यात व्याज असतंच. तेवढी रक्कम दुकानदार किंवा कंपनी सूट म्हणून सोडते, म्हणून आपल्याला दिसत नाही. सूट वजा जाऊन तुमचं कर्ज २८,७३० चं पडलं, वर्षाला १५ टक्क्यांनी, घटत्या मुद्दलावर ६ महिन्यांचं व्याज १,२७०. सूट व्याजावर मिळाली, व्याजावरच्या १८ टक्के जीएसटीवर नाही. ते २२९ तुमचे. प्रोसेसिंग फी १९९, तिचा जीएसटी ३६. करा बेरीज.

बी-२ वहिनी: ४६४. बरोबर.

ए-४ मास्तर: आणि मोठा तोटा तर स्टेटमेंटवर येतच नाही. खडेबाजारात रोखीला तो दुकानदार दीड हजार कमी करत होता, मी सोबत होतो. हप्ते म्हटल्यावर ते गेले. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना लिहून कळवलंय. ५९० म्हणजे ५०० फी आणि तिचा जीएसटी. फ्री पहिलंच वर्ष होतं.

ए-१ अण्णा: म्हणून सांगालोय. कात्री.

डी-४ धाकटा: मास्तर, मी दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरतोय, बिलातली कमीत कमी रक्कम. लेट फी लागत नाही. चालतंय की?

ए-४ मास्तर: बाबा, तिथंच सगळे अडकतात. १९ हजार राहिले आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज, तर ६६५. त्यावर जीएसटी १२०. तू १,००० भरलेस तर मुद्दलातून गेले २१५. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज. एटीएममधून त्या कार्डावर पैसे काढलास तर फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून.

डी-४ धाकटा: आईला सांगू नका. ग्रुपवर आहे ती.

डी-४ वहिनी: वाचलं. घरी ये.

सेक्रेटरी: मोटरीचं अजून कुणी बोललेलं नाही.

ए-१ अण्णा: सगळ्यांनी कार्डं कापा. तिसऱ्यांदा सांगालोय.

ए-४ मास्तर: अण्णा, तुमचा मान ठेवून सांगतो, कापल्यानं कार्ड बंद होत नाही. फी येतच राहते, थकली की लेट फी, मग सिबिल, म्हणजे कर्जासाठीची आपली पत, खराब. बँकेला लेखी कळवायचं. थकबाकी काही नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करायला लागतं. नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये बँकेनं आपल्याला द्यायचे. २०२२ च्या नियमात आहे.

सी-३ काकू: म्हणजे माझा भाचा चोर झाला सगळ्यांपुढं.

ए-४ मास्तर: तसं कोण म्हणालं? फॉर्मबरोबर व्याज, फी लिहिलेलं एका पानाचं पत्रक द्यायला लागतं. दिलं होतं का, एवढंच विचारा त्याला.

सी-३ काकू: विचारलं. गठ्ठा इंग्रजीत होता, कुणी मागितला नाही म्हणून गाडीतच राहिला म्हणतोय. वहिनी, हे चुकलंच त्याचं. रविवारी येऊ दे, तुमच्यासमोर बसवते.

बी-२ वहिनी: मला भांडायचं नाही काकू. फ्रीजसाठी मी आठ महिने पैसे साठवले होते. रोख द्यायला होते माझ्याकडं.

ए-४ मास्तर: आधी बँकेकडं तक्रार घाला, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. त्याला पैसे लागत नाहीत. अर्ज मी लिहून देतो.

बी-२ वहिनी: सात वाजता स्टेटमेंटं घेऊन येते. धाकट्याचंही बघा.

ए-१ अण्णा: येताना माझं पण आणतो. दोन वर्षांमागं कापलंय.

सेक्रेटरी: मोटर मीच चालू ठेवली होती, बायकोनं आत्ता सांगितलं. माफी असावी. पुढं गेटपाशी कुणालाही टेबल मांडू देणार नाही.