विळा लाल होतो तेव्हा चुना नक्की काय करतो?

कुळागरवाला:
दोडामार्ग तालुक्यात आमची पोफळीची बाग आहे. पाऊस लागायच्या आधी कोळेरोगासाठी (कोवळी सुपारी कुजवून गळवणारा रोग) घोसांवर बोर्डो मिश्रण मारतो. 1 टक्क्याचं, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) 1 किलो, कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. मिश्रण झालं की बाबा घासलेला विळा त्यात धरतात. पात्यावर तांबडा थर आला तर म्हणतात, "चुना कमी पडला, घाल अजून." यंदा दोनदा घालावा लागला, तोवर पाडेली, म्हणजे झाडावर चढून सुपारी पाडणारा आणि फवारणी करणारा गडी, झाडाखाली विड्या ओढत बसलेला.

लोखंडाचा खिळा मोरचुदात टाकला की त्यावर तांबं चढतं, हे मी शाळेत शिकलोय. लोखंड जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला हुसकावतं. इथपर्यंत ठीक. पण चुना घातल्यावर तांबं काही ड्रमातून बाहेर जात नाही. मग विळा लाल व्हायचा का थांबतो? आणि पुड्यावर लिहिल्याप्रमाणे मोजून घातलेला चुना कमी कसा पडतो?

हौशी_माळी:
विळ्यावर आधीचा गंज असेल. स्टीलची सुरी वापरा, काही होणार नाही.

खडू_आणि_फळा:
हौशी माळी, सुरीला काही होत नाही हे खरं, पण म्हणूनच ती इथे कुचकामी. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचं पातळ कातडं असतं, त्यामुळे आतलं लोखंड मोरचुदाला सहजी भेटत नाही. मिश्रण कच्चं असलं तरी सुरी चकचकीतच राहील आणि तुम्ही पानं जाळून बसाल. विळा साधा लोखंडीच हवा, पॉलिश कागदाने घासून उघडा केलेला, आणि मिनिटभर तरी बुडवून ठेवलेला.

आता कुळागरवाले, तुमचा पहिला प्रश्न. मी तीस-एक वर्षं नववी-दहावीला शिकवलं, पण हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही, कारण परीक्षेला खिळ्यावरच 2 मार्क संपतात. खिळ्याचा प्रयोग होतो तो पाण्यात *विरघळलेल्या* तांब्यावर. मोरचूद विरघळला की तांब्याचे आयन पाण्यात मोकळे हिंडतात. लोखंड त्यांना इलेक्ट्रॉन देतं, ते धातू होऊन पात्यावर बसतात आणि त्यांच्या जागी लोखंड पाण्यात उतरतं. चुना म्हणजे आम्लारी. तो आला की तांब्याचा हायड्रॉक्साइड आणि आम्लारिधर्मी सल्फेट तयार होतात. हे पाण्यात विरघळत नाहीत. तुमच्या ड्रमातला तो आकाशी गाळ तोच. तांबं ड्रमातच आहे, पण आता घन कणांत अडकलेलं, मोकळं जवळजवळ काहीच नाही. विळ्याला हुसकवायला गिऱ्हाईकच उरत नाही.

याच कारणासाठी पत्र्याच्या बादलीत मोरचूद विरघळवू नका. जस्ताचा मुलामा आधी जाईल, मग लोखंड, आणि एक दिवस बादली गळायला लागेल. ॲल्युमिनियमचं पातेलंही नको. प्लॅस्टिक, लाकूड, माती चालेल.

आणखी एक गंमत. क्षार म्हणजे उदासीन, असं पोरं पाठ करतात. मोरचूद क्षारच आहे, पण त्याच्या द्रावणात निळा लिटमस घातला तर लाल होतो. तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांचा क्षार आहे तो, म्हणून आम्लाकडे झुकतो. मोकळं तांबं आणि वर ही आम्लता, दोन्ही कोवळ्या पानाला सोसत नाहीत. चुना दोघांचा बंदोबस्त एकाच वेळी करतो. पुढे पानावर बसलेल्या थरातून दव-पावसात तांबं किंचित किंचित सुटत राहतं. बुरशीच्या बीजाणूला तेवढं पुरतं, झाडाला बाधत नाही.

हे कुणी ठरवून शोधलेलं नाही. फ्रान्समध्ये मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना फासत, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत. 1882 मध्ये बोर्डो विद्यापीठाच्या मिलार्डे यांच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली केवडा रोगातून वाचल्यात. 1885 ला त्यांनी ते छापून आणलं. चोरांचे उपकार!

दुसरा प्रश्न, चुना कमी का पडतो. हिशेब करू. 1 किलो मोरचुदातलं सगळं तांबं खाली बसवायला शुद्ध कळीचा चुना सुमारे 225 ग्रॅम पुरतो. तुम्ही घालता 1 किलो, म्हणजे चौपटीहून जास्त. तरी विळा लाल? मग तो चुना नावापुरताच चुना आहे. उघड्या पोत्यात दमट हवा लागली की तो कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी होतो, आणि चुनखडी पाण्यात विरघळत नसल्याने कामाला ढिली. चिमूटभर पाण्यात कालवा आणि लिंबू पिळा. जोरात फसफसला तर समजा चुना मेला.

वाइनयार्ड_तासगाव:
मास्तरांनी छान सांगितलं. आम्ही द्राक्षाला विळ्यासोबत पीएचचा कागदही लावतो आणि चुना थोडा थोडा घालत साताच्या आसपास थांबतो. फार जास्त झाला तर नोझल चोंदतात. आणि चुना विरवून पुरता *गार* होऊ द्या. एकदा आमच्या गड्याने घाईत ऊनऊनच ओतला, सगळा ड्रम काळपट पडला.

खडू_आणि_फळा:
बरोबर. उष्णतेने हायड्रॉक्साइडमधलं पाणी निघून जातं आणि काळा कॉपर ऑक्साइड उरतो. तो पानाला नीट चिकटतही नाही. ओतण्याचा क्रमही पाळा. अर्ध्या पाण्यात मोरचूद, अर्ध्यात चुना, आणि दोन्ही धारा तिसऱ्या ड्रममध्ये एकदम सोडा. ते जमत नसेल तर मोरचूद चुन्यात ओता. चुना मोरचुदात ओतला तर कण जाडे होतात आणि बुडाशी बसतात.

कुळागरवाला:
मास्तर, लिंबू पिळलं. सोडावॉटरची बाटली फोडल्यासारखं झालं! पोतं गेल्या पावसाळ्यापासून पडवीत उघडं होतं. बाबांना दाखवलं, ते म्हणाले, "तरी म्हटलं यंदा चुना एवढा का खातोय." सावंतवाडीहून नवा आणतो. आता सांगा, आज 40 लिटर मिश्रण उरलंय. उद्या वापरलं तर चालेल?

खडू_आणि_फळा:
नाही. रात्रभरात कण मोठे होतात, खाली बसतात, ढवळलं तरी पानावर पहिल्यासारखे धरत नाहीत. आज उजेड असेपर्यंत बांधाकडच्या उरलेल्या पोफळींवर मारून टाका. पुढच्या वेळी पाडेली जेवढं एका दिवसात मारेल तेवढंच कालवा. आणि उरलेलं व्हाळात, म्हणजे ओढ्यात ओतू नका, तांब्याने मासे मरतात. ड्रम धुतलेलं पाणीही नको.