लाइफ कोचिंग आणि सामाजिक न्याय: ‘तुझ्यात काय कमी आहे?’ हा प्रश्न कुणाला विचारायचा?

गोदाकाठ

चार वर्षं झाली, मी लाइफ कोच म्हणून काम करते, म्हणजे लोकांना आपली ध्येयं ठरवून ती गाठायला मदत करते. महिन्यातले दोन शनिवार नाशिकच्या एका मुलींच्या वसतिगृहात जाते, त्याचे पैसे घेत नाही. बहुतेक मुली पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातल्या आहेत, काही शहरातल्याच वस्त्यांमधल्या. मुलाखतीत कसं बोलायचं, नकार कसा पचवायचा, ध्येय कागदावर कसं उतरवायचं, असं सगळं घेते.

गेल्या महिन्यात एकीने विचारलं, “ताई, मुलाखतीत उत्तरं सगळी बरोबर आली होती. मग आडनाव वाचून ‘म्हणजे तुम्ही नक्की कोण?’ असं का विचारलं त्यांनी?” मी प्रशिक्षणात शिकले तेच बोलले: समोरच्याचं वागणं आपल्या हातात नसतं, आपली प्रतिक्रिया असते. ती मान खाली घालून वहीत बघत बसली. घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटत होती.

तिचा प्रश्न मनाचा खेळ नव्हता. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास आहे. ६६ आठवडे ते इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवत राहिले, एकूण ४,८०८ अर्ज. पात्रता सारखी, फक्त आडनावं वेगळी. सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत तितक्याच शिकलेल्या दलित आडनावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचं गुणोत्तर ०.६७ निघालं, मुस्लिम नावाला ०.३३. इथे अजून कुणी मुलाखतीला बसलेलंही नाही. आत्मविश्वास, देहबोली, हस्तांदोलन, सगळं पुढचं. दार त्याआधीच लागलेलं.

माझं म्हणणं एवढंच, की अशा मुलीसमोर जी कोच फक्त ‘स्वतःवर काम कर’ म्हणते ती तटस्थ राहत नाही. ती अन्यायाचं बिल त्या मुलीच्या नावावर फाडते. ‘यात तुझी चूक नाही’ हे वाक्य आमच्या व्यवसायात बोललंच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

सायली_ठाणे

मीही कोच आहे, आणि मला हे पटत नाही. माझ्याकडे येणारी बाई स्वतःचा प्रश्न घेऊन येते. तिला नवऱ्याशी पैशांबद्दल बोलायचं असतं, नोकरी सोडायची असते, वजनाची लाज सोडायची असते. तिने न मागता मी तिच्या आयुष्याचा सामाजिक अर्थ सांगायला लागले, तर माझी मतं तिच्यावर लादल्यासारखं होईल. अजेंडा तिचा असतो, माझा नाही, ही या कामाची पहिली अट आहे.

दुसरं, ‘तुझी चूक नाही’ ऐकून बरं वाटतं, पण त्यापुढे काय? सोमवारी तिला पुन्हा अर्ज करायचाच आहे. जग बदलेपर्यंत तिने थांबायचं का?

भीमथडी

सायलीताई, त्या मुलीने मागितलं नव्हतं असं कसं म्हणता? तिने तर थेट विचारलं होतं. अजेंडा तिचाच होता. गोदाकाठताईंनी तो बदलून दुसरा हातात दिला.

खटपट्या

मी सफाई कामगारांच्या युनियनमध्ये आहे. आमच्याकडचा अनुभव सांगतो, कंत्राटदाराचं नाव घेत नाही. तीन महिने पगार रखडला होता. पगारातून पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापला जात होता, पण खात्यात भरणा दिसत नव्हता. त्या वेळी कंपनीने ‘सकारात्मक विचार आणि तणावमुक्ती’ असं दोन तासांचं सत्र ठेवलं. बोलणारे गृहस्थ चांगले होते, मनापासून बोलले. आमची एक मावशी उठून म्हणाली, “साहेब, ताण कमी करायचा तर पासबुक दाखवा.” त्यांना पासबुक म्हणजे काय ते कळलंच नाही.

माझा राग त्या माणसावर नाही. ज्याला पगाराचा प्रश्न मनाचा प्रश्न करून टाकायचा असतो तो अशा सत्रांचे पैसे भरतो. कोचने आधी विचारावं, मला बोलावलंय कुणी आणि का? मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्यासाठी २००७ मध्ये लढा कोर्टात नेला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या माणसांना हक्क मिळाला तो एकत्र राहिल्याने.

सायली_ठाणे

खटपट्या, तुम्ही सांगितलेलं सत्र वाईटच होतं, त्याचा बचाव मी करणार नाही. पण तुमच्याच उदाहरणावर बोलते. २००७ ते २०१७, दहा वर्षं. या दहा वर्षांत किती जण खचले असतील? कुणाचं दारू पिणं वाढलं असेल, कुणाच्या बायकोने ‘सोड ते युनियन’ म्हटलं असेल. त्या माणसाला रोज सकाळी पुन्हा उभं करणारं कुणीतरी लागतं. मोर्चात पाठीवर थाप मिळते, पण रात्री अकराला घरी आल्यावर काय? एकट्या माणसाचं मन सावरणं हे लहान काम आहे असं मला कधीच वाटणार नाही.

खटपट्या

हे खरं आहे. आम्ही यात कमी पडतो, हे मान्य.

भीमथडी

आता दोघांनाही थोडं मागे नेतो. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं कसं नेसायचं, जडजड दागिने का टाकून द्यायचे, मुलींना शाळेत का घालायचं. माझी आजी ते तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. म्हणजे अंगावरच्या कपड्यापर्यंत, घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं ते बोलणं होतं. कुणाला याला कोचिंग म्हणायचं तर म्हणावं.

पण तीच माणसं घेऊन ते तळ्यावरही गेले, आणि त्या पाण्यासाठी कोर्टातही लढले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली आला. इथेही दहा वर्षं. ‘नीट राहा’ आणि ‘पाणी आपलंही आहे’ ही दोन वाक्यं त्यांनी एकमेकांपासून कधी तोडली नाहीत. आजच्या कोचिंगने पहिलं उचललं आणि दुसरं टाकून दिलं, दुखणं तिथे आहे.

रानजाई

मानसशास्त्र शिकवते म्हणून एक भर. सेलिगमन आणि मायर यांचा १९६७ चा कुत्र्यांवरचा प्रयोग प्रेरणादायी भाषणांत फार वापरतात. ज्यांना विजेचा झटका थांबवताच आला नव्हता, ती कुत्री पुढे सुटायची वाट असतानाही पडून राहिली. त्यावरून ‘हतबलता शिकलेली असते, मनातून पुसून टाका’ असं सांगतात. पण त्याच दोघांनी २०१६ मध्ये आपलं मत उलटं केलं. सततच्या त्रासात निपचित पडणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते नियंत्रण. आणि ते भाषणाने शिकता येत नाही. आपण काही केलं आणि खरोखर काही बदललं, असा अनुभव यावा लागतो. तो छोटा असला तरी चालेल, पण खरा हवा.

मावशीने पासबुक मागितलं आणि ते मिळालं, तर तो असा अनुभव. ‘मी समर्थ आहे’ असं शंभरदा लिहिणं हा नाही.

सायली_ठाणे

रानजाई, याने माझा विचार थोडा हलला. मुलीने विषय काढला तर मी टाळणार नाही, इतकं नक्की. पण तिने काढला नाही तर मी काढणार नाही. तिथे मी अजूनही ठाम आहे.

गोदाकाठ

सायली, तिथे आपलं जमणार नाही. माझ्या मुली तो विषय काढत नाहीत कारण आजवर काढला तेव्हा काय झालं ते त्यांना आठवतं. आधी बोलायची जबाबदारी माझी, असं मी धरून चालते.

काल मी त्या मुलीला भेटले. ‘त्या दिवशी मी चुकीचं बोलले,’ असं सांगितलं. मग विचारलं, असं अजून कुणाला झालंय का? खोलीतल्या सात जणींपैकी पाच जणींनी हात वर केला. एकमेकींना त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. दीड तास त्याच बोलत होत्या, मी बसून ऐकलं.

त्यांतल्या दोघी आता एका एजन्सीतर्फे मॉलमध्ये कामाला लागल्यात. पगाराच्या पावतीवर पीएफ कापलेला दिसतो, पुढचं काही माहीत नाही. खटपट्या, येत्या शनिवारी चार वाजता याल का?

खटपट्या

येतो. दोघींना तीन महिन्यांच्या पावत्या आणि आधारशी जोडलेला मोबाइल घेऊन बसायला सांगा. पासबुक तिथेच उघडू.