मदत हवी आहे: बाहुलीचा घोटा सारखा तुटतोय

नाशिकमध्ये आम्ही तिघं मिळून सहा मिनिटांची स्टॉप-मोशन फिल्म (बाहुली जराजरा हलवत एकेक फोटो काढून केलेली) करतोय. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे एकूण ४३२०. सातशेच्या आसपास झालेत. बाहुली २२ सेंमी उंच, फोम आणि कापडाची, वजन १६० ग्रॅम. आत १.५ मिमी ॲल्युमिनियमची दुपदरी पिळलेली तार.

चालण्याचा शॉट आला की उजव्या घोट्यातच तार तुटते. तिसरी वेळ. आधी तार जरा कडक लागते, मग बोटाला बारीक 'टक्' जाणवतं आणि आमच्या आजीबाई (म्हणजे ही बाहुली) टेबलावर आडव्या!

तीनपदरी तार वापरून पाहिली. पाय हत्तीचा दिसतो, वर वाकवला की थोडा परत उसळतो. जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार फारच ताठ. पाऊल टेबलाखालून एम-३ (३ मिमी जाडीच्या) स्क्रूने घट्ट बसवतो, तिथे काही ढिलं नाही.

अंबडला एक लेथवाले काका बॉल-सॉकेट जोड (दोन पट्ट्यांमध्ये धरलेला, फिरणारा धातूचा गोळा) करून द्यायला तयार आहेत, पण 'ड्रॉइंग आणा' म्हणतात. आमचं बजेट दोन्ही घोट्यांचे मिळून दोन हजार रुपये, त्यापुढे नाही. शूटिंग दहा दिवस थांबवता येईल.

एवढ्या वजनाला बॉल किती मिमीचा घ्यावा, आणि त्याला धरणाऱ्या पट्ट्या पितळेच्या की स्टीलच्या?